आमच्या कंपनीचा कॅमेरा

४ जून
ही आज सकाळच्या गाडीने लेकीकडे गेली. लेकीला नववा लागलाय, म्हणजे दीड-दोन महिने तरी हिचा मुक्काम तिकडेच. निघताना विचारत होती, एकटे राहाल ना नीट. मी हसलो. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा प्रश्न. म्हणाली, रात्री झोपायला तरी माझ्या भावाकडे जात जा. मेहुणा दोन गल्ल्या सोडून राहतो. मी म्हणालो, मी काय कुक्कुलं बाळ आहे.
निवृत्तीनंतर शिस्त हवी म्हणून आजपासून रोजनिशी. संकल्प: पहाटे फिरणे. माळा आवरणे. स्वयंपाक शिकणे. ही परत येईल तेव्हा तिला घरात नवा माणूस दिसला पाहिजे.
मागच्या दाराला आतून खुर्ची लावून ठेवली. तिला दुसरीकडे जागा नव्हती.

५ जून
फिरायला गेलो नाही. पहाटे अंधार असतो. अंधारात फिरणं गुडघ्यांना वाईट.
घर इतके आवाज करतं हे माहीत नव्हतं. फ्रिज मध्येच खाकरतो. पाइपात कोणीतरी गुळण्या केल्यासारखं होतं. कारखान्यात आवाज बंद पडला की आम्ही दचकायचो. इथे उलटं आहे. दचकणं म्हणजे भीती नव्हे. कुतूहल.
सगळे दिवे लावून झोपलो. बल्ब तपासायचे होते.

६ जून
मेहुणा आला. मागच्या गल्लीत भरदिवसा चोरी झाली म्हणे. घरातला माणूस आंघोळीला गेला आणि चोराने हॉलमधला टीव्ही उतरवून नेला. तो बिचारा टॉवेलवर बाहेर आला तर भिंतीवर नुसते स्क्रू. मेहुण्याने हे सगळं चवीने सांगितलं. मग म्हणाला, भावोजी, तुम्ही एकटे आहात, कॅमेरा बसवून टाका. त्याचं रंगाचं दुकान आहे, तिथे त्याने बसवलाय. गिऱ्हाइकाच्या मिशीचे केस मोजता येतात म्हणे. रंगाच्या दुकानात मिशीचे केस कशाला मोजायचे ते त्यालाच ठाऊक.
मी म्हणालो, बसवीन तर आमच्याच कंपनीचा. तो म्हणाला, तुमची कंपनी पंखे करते. मी म्हणालो, मागच्या वर्षीपासून कॅमेरेही करते. तो म्हणाला, करत नाही, नुसतं नाव चिकटवते. त्याला दुसरा चहा विचारला नाही.
आज आंघोळ केली नाही. वारा गार होता.

८ जून
दुकानात गेलो. दुकानदाराने तीन-चार सिस्टिम मांडल्या. एकीला तारा आणि डबा, दुसरी बिनतारी, तिसरी आलेल्या माणसाशी बोलते. मी विचारलं, आमच्या कंपनीची कुठाय. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग काउंटरखालून एक खोकं काढलं आणि त्यावर फुंकर मारली. धूळ माझ्या शर्टावर. म्हणाला, काका, ही नका घेऊ, सर्व्हिसचे वांधे आहेत. मी त्याला सांगितलं की या नावाच्या प्रत्येक टेबलफॅनच्या बुडाला 'तपासले' असा शिक्का असायचा, तो मी मारायचो. तो म्हणाला, हो का.
कंपनी आपल्या माणसाला दगा देत नाही. माणसंच आज ही, उद्या ती करत फिरतात.

९ जून
इलेक्ट्रिशियनने पुढच्या दारावर कॅमेरा बसवून दिला. दारासमोर काहीही हललं की फोन थरथरतो आणि चित्र येतं. चित्र जरा मऊ आहे, धुक्यातून पाहिल्यासारखं. मेहुण्याच्या कॅमेऱ्याचं चित्र अंगावर येतं. याचं येत नाही. डोळ्यांना बरं.

१० जून
फोन दिवसभर थरथरतोय. मांजर. पान. पुन्हा तेच मांजर. मग पेपर घेऊन आत येऊन बसलो तर चित्रात एक बुटका माणूस, पाठीत वाकलेला, आपल्या दाराशी काहीतरी उचलतोय. हातातून कप निसटला. मग कळलं, ते मगाचं चित्र, आणि तो मीच. पाठ वाकलेली दिसते तो कॅमेरा लावण्याच्या कोनाचा दोष.
दुपारी बेल वाजली आणि छातीत असं काही झालं की कुरिअरवाला गेल्यावर बेलची वायरच काढून ठेवली. आवाज कर्कश होता. आता कॅमेरा असताना बेल हवी कशाला.

११ जून
कस्टमर केअरला फोन केला. तक्रार नव्हे. एका जुन्या कर्मचाऱ्याची सूचना, की चित्र थोडं स्पष्ट करता येईल का. आधी रेकॉर्ड केलेली बाई, मग खरी मुलगी. माझ्या गैरसोयीबद्दल तिने इतक्या वेळा दिलगिरी व्यक्त केली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी शिक्क्याची हकिगत सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, सर, मॉडेल नंबर. इंजिनिअर पाठवते म्हणाली.
याला म्हणतात सर्व्हिस. मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं.

१३ जून, दुपार
अक्षर हललंय ते पंख्याच्या वाऱ्याने.
गेटपाशी माणूस. डोक्यावर टोपी, पाठीवर मोठी बॅग. बॅग अर्थात माल भरायला. फोनवर त्याचा चेहरा म्हणजे नुसता पिठाचा गोळा. पडद्याच्या फटीतून एक डोळा लावून पाहिलं, पण टोपीखाली काही दिसलं नाही आणि जास्त वेळ पाहण्याची गरज वाटली नाही. त्याने कडी वाजवली. थांबला. मान उंच करून एकेक खिडकी पाहिली. मग स्वतःचा फोन काढून गेटचा फोटो घेतला. लोकांच्या बंद घराचे फोटो चोराशिवाय कोण काढतं.
तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. अनोळखी नंबर मी घेत नाही, हल्ली फार फसवतात.
तो गेल्यावरही मी बराच वेळ पडद्यामागेच उभा होतो. पाय बधिर झाले होते.

१३ जून, संध्याकाळ
कंपनीचा मेसेज. आमचे प्रतिनिधी येऊन गेले, ग्राहक घरी नाही, तक्रार बंद. घरी नाही? घराबाहेर पाऊल टाकलंय कोणी. पण मग शांतपणे विचार केला. कंपनीचा माणूस खोटं लिहिणार नाही. तो आलाच असणार. कोपऱ्यावरून त्याने टोपीवाल्याला पाहिलं असणार आणि त्याची पाचावर धारण बसली असणार. माणूस आहे.

१४ जून
हिचा फोन. आवाज का बारीक येतोय म्हणाली. मी म्हणालो, व्यायामामुळे. जेवायला काय केलंत म्हणाली. मी दोन भाज्या सांगितल्या. खरं तर ब्रेड काल संपला, दोन अंडी आहेत. दुकान कोपऱ्यावरच आहे, पण घर सोडून जाणं म्हणजे टोपीवाल्याला आमंत्रण. त्याच्याबद्दल हिला काही बोललो नाही. बायकामाणसं घाबरतात.
म्हणाली, बरे आहात ना. मी म्हणालो, मजेत.  तिकडे लेक कुणाला तरी हसत होती ते ऐकू येत होतं. आमच्या घरासारखं तिथे फक्त फ्रिजच खाकरत नाही.

१५ जून
कस्टमर केअर. वेगळी मुलगी, दिलगिरी तीच. मी स्पष्ट सांगितलं, घरावर पाळत आहे, चोराचा चेहरा दिसला पाहिजे, मागच्या खेपेला तुमचा माणूस वाटेतून पळाला, या वेळी जरा छातीचा माणूस पाठवा. ती म्हणाली, सर, आपलं समाधान हेच आमचं ध्येय. कंपनी नुसते पंखे विकायची तेव्हाही हेच वाक्य होतं. भरून आलं.

१७ जून, दुपार
बाथरूममधून लिहितोय. आतून कडी लागणारी ही एकच खोली आहे.
टोपीवाला आज गेट उघडून आत आला. पायरी चढला. दार ठोकलं, दोनदा, मग जोरात. कोणी आहे का म्हणाला. मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग फोनवर पाहिलं तर तो कॅमेऱ्याकडे वर बघत होता, थेट माझ्याकडे, आणि त्याचा हात मोठा मोठा होत आला आणि चित्र काळं झालं. त्याने टाचा उंचावून कॅमेरा पकडला होता. हाताला लागली ती छत्री घेऊन धडपडत इथे आलो तेव्हापासून फोन वाजतोय, परत तोच अनोळखी नंबर. आवाज बंद करून फोन टॉवेलात गुंडाळला.
नळ टपकतोय. इथे मला काही झालं तर कोणाला कळेल. दूध मी बंद केलंय. पेपरवाला दारात टाकून जातो, पेपर साठतील, मग कोणीतरी म्हणेल. ही तिकडे लेकीच्या बाळंतपणात. तिला कोण सांगणार आणि कसं सांगणार.
हे घाबरून लिहिलेलं नाही. माणसाने सगळ्या शक्यतांचा विचार करावा.

१७ जून, संध्याकाळ
मेसेज: ग्राहक उपलब्ध नाही, तक्रार बंद. म्हणजे दुसरा इंजिनिअरही पळाला. टोपीवाल्याची दहशत बरीच दूरवर दिसते.

१८ जून
समोरच्या बाईंनी गेटवरून हाक मारली. शाळेत गणित शिकवायच्या, आवाज अजून वर्गातलाच. तुमच्याकडे एक माणूस येऊन परत जातो, तुम्ही दार का उघडत नाही म्हणाल्या. मी म्हणालो, तुम्हीही पाहिलंत ना त्याला. म्हणाल्या, पाहिलं काय, माझ्या कॅमेऱ्यात स्वच्छ आलाय, बॅगेवर काहीतरी नाव लिहिलंय, या आणि वाचून घ्या.
त्यांचा कॅमेरा मेहुण्याने घेतलाय त्याच कंपनीचा. मी पायरीपर्यंत गेलो. त्यांनी फोन पुढे केला. मी डोळे मिटून घेतले. एकदा तो चेहरा पाहिला की तो घरात राहायला येईल, मी एकटा असताना. बाईंना म्हणालो, दुसऱ्या कंपनीच्या चित्रावर मी विश्वास ठेवत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
बाई म्हणाल्या, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. इंजिनिअरबद्दल म्हणाल्या असाव्यात.

२० जून
कंपनीच्या मुख्य कार्यालयाला सविस्तर ईमेल. कंपनीबद्दल आदर आहे, तक्रार फक्त त्या भित्र्या इंजिनिअरांबद्दल आहे. पगार घेऊन वाटेतून पळणाऱ्या माणसाला कामावर ठेवू नये असं स्वच्छ लिहिलं. खाली सही: माजी तपासनीस. पाठवल्यावर हुशारी वाटली. अंडी संपली. बिस्किटं आहेत.

२२ जून
कंपनीचं उत्तर. गंभीर दखल घेतली आहे, संबंधितावर कारवाई होत आहे, परवा खात्रीने काम होईल. बघा. नाव असलं की माणसं ऐकतात.
मेहुण्याला टोपीवाल्याचं सांगावं लागलं. तो म्हणाला, इतके दिवस एकटेच हे सोसताय. मी म्हणालो, सोसतोय कुठे, अभ्यास करतोय. म्हणाला, परवा मी दुकान बंद ठेवून इथेच बसतो, पकडूच त्याला. म्हणजे इंजिनिअर येईल तेव्हा वाट मोकळी असेल. योजना माझीच, असं धरायला हरकत नाही.
मेहुणा येताना ब्रेड घेऊन आला होता. उभ्यानेच खाल्ला.

२४ जून, सकाळ
मेहुणा हॉलमध्ये दाराआड, हातात रंग ढवळायचा दांडका. मी मागची बाजू सांभाळतोय, म्हणजे बाथरूम. फोन हातात.
थरथरला. टोपी.

२४ जून, रात्री
जसं झालं तसं लिहितो.
टोपीवाला पायरीवर आला. मेहुण्याने दार धाडकन उघडलं आणि त्याची कॉलर धरली. तो मागे झाला, पाय चुकला, पायरीवरून हातावर पडला. टोपी गेटपर्यंत घरंगळली. डोक्यावर फारसे केस नव्हते. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल, गळ्यात दोरीला चष्मा. तो ओरडला नाही की उलटा हात टाकला नाही. मनगट धरून बसला आणि म्हणाला, मारू नका, मी कॅमेऱ्याच्या कंप्लेंटसाठी आलोय. बॅगेवर आमच्या कंपनीचं नाव होतं. एवढं मोठं.
मी छत्री घेऊन बाहेर आलो तेव्हा समोरच्या बाई रस्ता ओलांडून येत होत्या. त्यांनी त्याच्याआधी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.
पाणी दिल्यावर तो बोलला. तिन्ही वेळा तोच आला होता. कडी वाजवली, दार ठोकलं, कॅमेरा चाचपून पाहिला, फोन केले. कोणी नसेल तर बंद दाराचा फोटो काढून पाठवावा लागतो, नाहीतर फेरी धरत नाहीत. शेवटी वर मुख्य कार्यालयातून झापलं, की आज काम झालं नाही तर उद्यापासून येऊ नको.
मग म्हणाला, खरं सांगू का काका, तुमच्या घराची मला धास्ती बसली होती. पडदा हलायचा. फटीत डोळा दिसायचा. आत कोणीतरी आहे आणि दार उघडत नाही. दुसऱ्या खेपेला आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आज निघताना बायकोला हा पत्ता लिहून देऊन आलो, म्हटलं उशीर झाला तर इथे शोधा.
 मेहुण्याने दांडका कुंडीमागे ठेवला.
चांगल्या हाताने स्टूल धरून तो वर चढला. कॅमेऱ्याच्या काचेवर अंगठ्याचं नख फिरवलं. सर्रकन एक पातळ प्लास्टिक निघालं. नवीन मालावर असतं तसं, संरक्षणाचं. ते काढायचं असतं. माल तपासण्यात माझी अख्खी हयात गेली, पण हे लिहून ठेवायला हवंच असं नाही.
मेहुणा म्हणाला, तरी सांगत होतो, माझ्या कंपनीचा घ्या. इंजिनिअर म्हणाला, साहेब, तुमच्या कंपनीचेही मीच दुरुस्त करतो, दोन्ही एकाच कारखान्यातून येतात, स्टिकर तेवढे वेगळे. मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण पाहावासा वाटला नाही.
मग इंजिनिअरने फोन माझ्यापुढे धरून विचारलं, चित्र ठीक आहे का बघा. चित्र लख्ख होतं. मधोमध मी. दाढी वाढलेली, बनियन उलटा, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मिशीचे केस मोजता आले असते. हा माणूस इतका घाबरलेला दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी म्हणालो, ठीक आहे.

२५ जून
इंजिनिअरला काल मी आणि मेहुणा दवाखान्यात घेऊन गेलो होतो. हाड शाबूत, मुरगळलंय. पट्टी बांधली. मेहुण्याने तीनदा माफी मागितली. मी नंतर मागणार होतो, मग त्याला रिक्षात बसवतानाच मागितली. तो म्हणाला, राहू द्या काका, कुत्री तर रोज मागे लागतात.
आज मुख्य कार्यालयाला लिहिलं की आधीचं सगळं चुकीचं होतं, माणूस चांगला आहे, चूक माझी. लगेच उत्तर आलं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग कस्टमर केअरला फोन केला, मग पुन्हा. चार मुलींना तीच हकिगत सांगितली. शेवटी एकीने नोंद केली म्हणाली. शिक्क्याचा विषय काढला नाही.

२७ जून
त्या नंबरवरून फोन आला. या वेळी घेतला. इंजिनिअर. नोकरी राहिली. आठवडाभर हलकी कामं देणार आहेत. विचारत होता, कॅमेरा कसा चाललाय. मी म्हणालो, छान. मग त्याला सेटिंगचं काहीतरी विचारलं, मग मेमरी कार्डाचं, मग पावसात काय काळजी घ्यायची ते. सगळं आधीच माहीत होतं. तो मात्र नीट सांगत बसला. पलीकडे भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. म्हणाला, ठेवू का काका. मी म्हणालो, हो हो.
ठेवल्यावर पाइपात गुळण्या सुरू झाल्या.

२९ जून
कोणी येत नाही. चित्र लख्ख, आणि त्यात गेट. दिवसभर गेट. टोपीवाला होता तेव्हा निदान कोणाची तरी वाट पाहत होतो. आता जे काही आहे ते आतच आहे आणि आत कॅमेरा नाही.
कस्टमर केअरला फोन लावला. मुलीने विचारलं, सर, काय प्रॉब्लेम आहे. मी म्हणालो, काही नाही, चित्र उत्तम आहे. ती म्हणाली, अजून काही मदत करू शकते का. मी म्हणालो, घरात मी एकटा आहे. ती म्हणाली, सर, सॉरी, ही कंप्लेंट आमच्याकडे घेता येत नाही. मग हळूच म्हणाली, घरच्या कोणाला फोन करा ना.

३० जून
हिला फोन केला. मला घरात भीती वाटते असं म्हणालो. दुसरं काही जोडलं नाही.
मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, कळलंय हो, सकाळच्या गाडीने निघा, आणि येताना माझा जाड चष्मा आणा. मी म्हणालो, उगाच जावयाच्या घरात गर्दी होईल, त्यांना विचारून तरी बघ. म्हणाली, विचारायचं काय, तुमची गादी हॉलमध्ये मी आले त्याच दिवशी घालून ठेवलीये. रोज झाडते.